सिगरेट सुटते, पण बैठकीत पुन्हा पेटते: हा बिघाड कुठे आहे आणि दुरुस्त कसा करायचा

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. सिगरेट सोडली, पंधरा-वीस दिवस चांगले गेले. चहाबरोबरची सुटली, जेवणानंतरची सुटली, बंदरावर लिलावाला उभं असतानाची सुद्धा सुटली. मग शनिवारी रात्री कुणाच्या तरी खळ्यात बैठक जमली. पहिल्या पेगपर्यंत काहीच नाही. दुसरा अर्ध्यावर आला आणि शेजाऱ्याला "एक दे रे" म्हणून झालं. त्या रात्री चार-पाच ओढल्या गेल्या आणि रविवारी डोळे उघडले तेव्हा टपरी किती वाजता उघडते हाच विचार डोक्यात. दोन महिन्यांनी पुन्हा सोडायची, पुन्हा एका बैठकीत मोडायची.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. निकोटीनचं च्युइंगम घ्यायला खलाशी येतात, रिक्षावाले येतात, शाळेतले गुरुजी येतात, सुटीला आलेले चाकरमानी येतात. त्यांच्याशी बोलून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. यांच्यातल्या बऱ्याच जणांची सिगरेट ग्लासातून परत येते, आणि दुरुस्ती मात्र ते फक्त सिगरेटची करत असतात. बिघाड सिगरेट आणि दारू या दोघींच्या जोडात आहे. एकाच टोकाला कितीही जोर लावला तरी जोड तसाच राहतो आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच होतं. "भाऊ, माझ्यात दमच नाही" म्हणून मान खाली घालणाऱ्या माणसाला हे नीट समजावून सांगायचं असतं, पण काउंटरवर तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी हे तपासा

मागच्या वेळी सोडलीत, त्यानंतरची पहिली सिगरेट कुठे ओढलीत ते आठवा. त्याच्या आधीच्या वेळची सुद्धा आठवा. कोण होतं बरोबर, हातात काय होतं, कितवा पेग चालू होता. कागदावर लिहून काढलंत तर उत्तम, कारण मनातल्या मनात आठवताना माणूस "टेन्शन होतं" एवढंच म्हणून पुढे जातो.

दोन्ही वेळा हातात ग्लास असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पहिली सिगरेट सकाळच्या चहाला किंवा परसाकडे जाताना ओढली असेल, तर तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे शरीरालाच निकोटीन कमी पडतंय. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल, तर सवय खोल आहे असं समजावं. अशा माणसाला निकोटीनच्या गमची किंवा पॅचची (कातडीवर चिकटवायच्या पट्टीची) मात्रा बहुतेक वेळा कमी पडलेली असते आणि ती डॉक्टरांकडून वाढवून घ्यावी लागते.

आणखी एक प्रकार आहे. "मी ओढणारा नाहीच, फक्त प्यायलो की एखाद-दोन." हे लोक सहसा दुकानात येत नाहीत, कारण आपल्याला काही सवय आहे असं त्यांना वाटतच नाही. पण हा जोड सगळ्यात उघडा दिसतो तो त्यांच्यातच. आठवडाभर सिगरेट नको असते आणि ग्लास समोर आला की हवी असते, म्हणजे ती मागणारा कोण, हे स्पष्टच आहे. शिमग्यात पालखीच्या दिवसांत किंवा मे महिन्यातल्या लग्नांत रोज बैठक होते. तेव्हा त्यांची एखाद-दोन पाकिटावर जाते आणि सण संपला तरी थांबत नाही.

असं का होतं

सिगरेटचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोचतं. मेंदूतल्या ठरावीक रिसेप्टरना, म्हणजे रसायनं पकडणाऱ्या जागांना, ते जाऊन चिकटतं आणि तिथून डोपामीन सुटतं. "बरं वाटलं, पुन्हा कर" असं मेंदूच्या मनावर ठसवणारं रसायन ते हेच. दारूचे मार्ग बरेच आहेत. ती मेंदूचा वेग मंदावणाऱ्या यंत्रणेला बळ देते, जागं ठेवणाऱ्या यंत्रणेला दाबते, पण शेवटी डोपामीनच्या त्याच जागी ती सुद्धा पोचते. आणि वाटेत, ज्या रिसेप्टरवर निकोटीन काम करतं त्यांनाच ती जास्त संवेदनशील करून ठेवते.

म्हणून पेगनंतरच्या सिगरेटची लज्जत वेगळीच लागते. हा भास नव्हे. प्रयोगशाळेत लोकांना दारू देऊन तपासलं गेलं आहे. सिगरेटची तल्लफ वाढते आणि ओढल्यावर मिळणारं समाधानही वाढतं. सिगरेट सोडण्यासाठी व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी निघाली, अमेरिकेत तिला २००६ साली मान्यता मिळाली. ती नेमकी याच रिसेप्टरवर काम करते, आणि नंतरच्या काही चाचण्यांत ती घेणाऱ्यांची दारूही कमी झालेली दिसली. एका कुलपाची किल्ली दुसऱ्यालाही थोडी लागते, एवढी ही दोन कुलपं सारखी आहेत.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. दारू सुस्त करते आणि निकोटीन तरतरी आणतं. तिसऱ्या पेगला डोळे जड व्हायला लागले की सिगरेट ओढून माणूस पुन्हा ताजा होतो आणि चौथा भरतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं की निकोटीनमुळे पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे दारू रक्तात हळू चढते. म्हणजे चढल्याची जाणीव कमी आणि पिणं जास्त. अंदाज आणि तोल मात्र सिगरेटने परत येत नाहीत. "मला कुठे चढलीय" म्हणत रात्री बारा वाजता घाटातल्या वळणांवर मोटरसायकल काढणारा, किंवा काळोखात जेटीवरून होडीत पाय टाकणारा, अशाच खोट्या तरतरीवर असतो. हे मी फार काळजीने लिहितोय, कारण किनाऱ्यावरच्या गावात अशा रात्रीची किंमत प्रत्येक वाडीला माहीत आहे.

तिसरं कारण सवयीचं. दहा-पंधरा वर्षं ग्लास आणि सिगरेट एकत्र आले की मेंदू त्या दोघांना वेगळं ओळखेनासा होतो. पावलोव या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्याच्या तोंडाला जसं खाण्याआधीच्या नुसत्या आवाजाने पाणी सुटायचं, तसंच इथे घडतं. बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज, तव्यावर टाकलेल्या बांगड्याचा वास, त्याच मित्राचं त्याच जागी बसणं, यातलं काहीही पुरतं. कित्येकांना पहिला घोट घ्यायच्या आधीच तल्लफ येते ती यामुळे.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कारण चौथं आहे, आणि त्याच्याकडेच कुणाचं लक्ष जात नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला आवरतो. "नको, आपण सोडलीय" हे तो म्हणतो. दारू सगळ्यात आधी ज्या गोष्टींवर परिणाम करते त्यांत हा भाग आहे. म्हणजे ज्या मिनिटाला तल्लफ वाढते, त्याच मिनिटाला तिला आवरणारा झोपायला जातो. शुद्धीत केलेला निश्चय कितीही खरा असला तरी दुसऱ्या पेगला तो निश्चय करणारा माणूस जागेवर नसतो. म्हणून "बैठकीत बसेन, पण ओढणार नाही" ही योजना बहुतेक वेळा हरते. त्यात स्वभावाचा किंवा हिमतीचा दोष शोधू नका. जे काही करायचं ते पहिला घोट घ्यायच्या आधी करून ठेवायचं, हा पुढच्या सगळ्या दुरुस्तीचा पाया आहे.

दोन्ही एकत्र म्हणजे बेरीज नाही, गुणाकार

तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरबाबत हे फार जुन्या अभ्यासांपासून माहीत आहे. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, भरपूर सिगरेट आणि भरपूर दारू दोन्ही असलेल्यांना तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका, दोन्ही न घेणाऱ्यांच्या तुलनेत ३५ पटींहून जास्त आढळला. एकेकटी सवय असलेल्यांचा धोका याच्या जवळपासही नव्हता. दारू तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून धुरातली विषं आत शिरायला मदत करते. शिवाय शरीरात दारूचं ॲसिटाल्डिहाइड होतं, तेच सिगरेटच्या धुरातही असतं, आणि ते पेशींच्या मुळावर घाव घालतं.

दुरुस्ती: आधी जोड तोडा, मग एकेकीकडे बघा

पहिले चार आठवडे, शक्य तर सहा, दारू पूर्ण बंद ठेवा. कायमची सोडा असं मी इथे म्हणत नाहीये. सिगरेट सुटल्यावरची चिडचिड, झोप न लागणं हे पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार आठवड्यांत बरंच ओसरतं. निकोटीनच्या सवयीने मेंदूत वाढलेले रिसेप्टर पूर्ववत व्हायलाही काही आठवडे जातात. तेवढा काळ ग्लास समोर आला नाही, तर तुम्ही लढाईचा सगळ्यात अवघड भाग शुद्धीत लढता. (रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र अशी अचानक बंद करू नये. त्याबद्दल खाली लिहिलंय, ते आधी वाचा.)

आपल्याकडे यासाठी एक तयार मुहूर्त आहे, आणि तो फुकट जाताना बघून मला वाईट वाटतं. श्रावण. घरात मासळी नाही, दारू नाही, आणि मुख्य म्हणजे "का घेत नाहीस?" हा प्रश्न महिनाभर कुणी विचारत नाही. एरवी बैठकीत नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. श्रावणात घेणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं. बरीच घरं पुढे गणपती विसर्जनापर्यंत पाळतात, म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत धरले तर सहा आठवडे होतात. एवढा मोठा कोरडा पट्टा वर्षात दुसरा नाही. जे नुसती दारू आणि मासळी सोडतात आणि सिगरेट चालू ठेवतात, त्यांनी याच दिवसांत तीही सोडावी. जोड आपोआप सुटलेला असताना एकटी सिगरेट सोडणं कितीतरी सोपं जातं.

फक्त एक सांभाळा. गटारीच्या रात्री "आजची शेवटची" म्हणून अख्खं पाकीट संपवू नका. ती रात्र दोघींचा जोड आणखी घट्ट करते. सोडायचा दिवस गटारीच्या आधीचा रविवार ठरवा आणि त्या वर्षी गटारीला घरी राहा.

चुकीचा मुहूर्त कोणता, तेही सांगतो. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात सोडलेली सिगरेट टिकत नाही. मे महिन्यात मुंबईची सगळी भावकी गावात असते आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या पडवीत बैठक असते, तेव्हाही कठीण. खलाशांच्या बाबतीत १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदीची मुदत जड जाते. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवून झाली की दुपारनंतर हाताला काम नाही, बाहेर पाऊस. अशा वेळी सुरुवात करायचीच असेल, तर दुपार चार ते रात्र नऊ एवढ्या वेळाचं काम आधी शोधून ठेवा.

गम चघळतो, तरी बैठकीत उपयोग होत नाही

ही तक्रार मी सारखी ऐकतो, आणि हिचं कारण बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला तोंडात आंबटपणा नसावा लागतो. तंबाखूत चुना मळतात तो त्यासाठीच. चुन्यामुळे निकोटीन मोकळं होतं आणि भराभर शोषलं जातं. गममध्येही तशी सोय केलेली असते. पण सोडा, कोला, लिंबू, बिअर, कॉफी यांतलं काहीही तोंडात असेल तर ती सोय निकामी होते. मग निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, तिथे ते फारसं कामाला येत नाही, उलट उचकी आणि जळजळ होते. कोकमाचं सरबत आणि सोलकढी आंबटच, त्यामुळे जेवताना सोलकढी पिऊन लगेच गम तोंडात टाकणाऱ्याचा गम वाया जातो.

गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही पिऊ नका. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. पानासारखा सारखा चावूही नका. तिखट चुरचुर जाणवेपर्यंत हळू चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा थोडा चावायचा. एक गम साधारण अर्धा तास चालतो. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमच्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणा.

याचा सरळ अर्थ असा की बैठकीच्या मध्यावर गमवर भरवसा ठेवता येत नाही. त्या रात्रीसाठी पॅच जास्त कामाचा. तो सकाळी दंडावर चिकटवला की निकोटीन दिवसभर कातडीतून जात राहतं, तोंडात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. गर्भवती, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, छातीत दुखणारे, यांनी गम-पॅच काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

गोळ्यांबद्दल दोन सूचना. व्हॅरेनिक्लिन घेताना दारू प्यायल्यास काही जणांना नेहमीपेक्षा लवकर चढते, काही जण आक्रमक होतात, काहींना रात्रीचं आठवत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली तसा इशारा दिला आहे. ब्युप्रोपिऑन या सिगरेट सोडण्याच्या दुसऱ्या गोळीबरोबर जास्त दारू, किंवा रोजची दारू एकदम बंद करणं, दोन्हींत फिट येण्याचा धोका आहे. दोन्ही गोळ्या चिठ्ठीवरच घ्यायच्या, आणि चिठ्ठी घेताना डॉक्टरांना पिण्याचं खरं प्रमाण सांगायचं. निम्मं सांगितलंत तर औषधही चुकीचं मिळेल.

सहा आठवड्यांनंतरची पहिली बैठक

इथे पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण "आता सुटली" असं वाटू लागलेलं असतं. दारू पुन्हा घ्यायचीच असेल तर जुनी बैठक जशीच्या तशी उभी करू नका. जागा बदला. खळ्यात किंवा किनाऱ्यावर सगळे उघड ओढतात. ज्या घरात म्हातारी आई ओटीवर बसते किंवा लहान मूल आहे, तिथे कुणी पेटवत नाही, तिथे बसा. पेय बदला. रमबरोबर ओढायची सवय असेल तर त्या रात्री रम नको. बसायची जागा बदला. ज्याच्या पाकिटातून नेहमी घेता त्याच्या शेजारी बसू नका.

आणि पहिला पेग भरायच्या आधी, सगळे शुद्धीत असताना, मोठ्याने सांगा: "मी सोडलीय. मागितली तरी देऊ नका." हे सांगायला लाज वाटते, मला कल्पना आहे. पण तुमचा आवरणारा मेंदू थोड्या वेळाने कामावर नसणार, त्याची जागा एका मित्राला द्यायची आहे. बहुतेक मित्र हे मनापासून करतात. जो मुद्दाम पाकीट पुढे करून "एकीने काय होतंय" म्हणतो, त्याच्याबरोबर काही महिने बसू नका, मग तो चुलत भाऊ असला तरी.

पेगची मर्यादा दोन ठेवा आणि घरी जायची वेळ आधी ठरवा. प्रत्येक पेगनंतर एक ग्लास पाणी. खिशात लायटर नको, माचीस नको. तल्लफ आली तर उठून खळ्याबाहेर जा, पाच-सात मिनिटं चाला. तल्लफेची लाट साधारण तेवढीच टिकते, मग ती आपण होऊन खाली येते. बाहेर जाताना एकटे जा. ओढणाऱ्यांबरोबर बाहेर गेलात तर परत येताना हाताला वास येईलच.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगरेट आणि सुटी बिडी विकायला बंदी आहे. गावात ती किती पाळली जाते ते सगळे जाणतात, पण तुमच्यापुरता तो नियम कडक पाळा. "एकच" घ्यायला टपरीवर जायचं नाही. एकच मिळते म्हणूनच ती घेतली जाते.

घसरलात तर

रात्री दोन ओढल्या गेल्या. सकाळी काय करायचं? उरलेलं पाकीट पाण्यात बुडवा, पॅच लावणारे असाल तर रोजच्या वेळी पॅच लावा, आणि त्या दिवशी एकही ओढू नका. एका रात्रीच्या दोन सिगरेटनी सहा आठवड्यांचं काम पुसलं जात नाही. ते पुसलं जातं "आता मोडलंच आहे तर" म्हणून रविवारी सकाळी घेतलेल्या तिसरीने. मग कागद काढा आणि लिहा: कुठे, कुणाबरोबर, कितव्या पेगला. पुढची बैठक एक महिना पुढे ढकला.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. त्या सकाळी त्याला बोलू नका. वहिनी, तुमचा राग खरा आहे, पैसे तुमच्या घरातले जातात आणि खोकला तुम्हालाच रात्रभर ऐकावा लागतो. तरी त्या एका सकाळी चहा देऊन विचारा की आज काय ठरवलंय. आधीच मान खाली गेलेला माणूस टाकून बोलल्यावर थेट टपरीवर जातो.

बिडी-सिगरेट सोडून त्याऐवजी मळलेली तंबाखू किंवा मावा सुरू करणारे खूप आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे २४.४ टक्के. निकोटीन तेच, दारूशी जोड तोच, आणि तोंडाचं नुकसान थेट. त्याला सुटणं म्हणता येणार नाही.

चार आठवडे दारूशिवाय राहताच येत नाही, असं असेल तर

मग तुम्हाला खूप महत्त्वाची माहिती मिळाली आहे. मुख्य बिघाड सिगरेटमध्ये नाही, दारूत आहे, आणि सिगरेट तिच्या मागे मागे येतेय. सकाळी हात थरथरणं, घाम, एक घोट घेतल्यावरच बरं वाटणं, ही लक्षणं असतील तर दारू एकदम घरच्या घरी बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप अशी अवस्था होऊ शकते. ती जिवावर बेतते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध घेऊन करायचं काम आहे.

इथे एक जुना समज अजून सांगितला जातो: "आधी दारू सुटू दे, बिडी राहू दे, दोन्ही एकदम काढलंत तर माणूस मोडेल." अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना १९३५ साली सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन यांनी आपली दारू सोडली आणि असंख्य लोकांना सोडायला मदत केली, पण सिगरेटने फुप्फुसं निकामी होऊन १९७१ साली ते गेले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९९६ च्या अभ्यासात, व्यसनावर उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी जे पुढे मरण पावले, त्यांतल्या निम्म्या मृत्यूंमागे तंबाखूशी निगडित कारणं होती, दारूशी निगडित कारणं साधारण एक तृतीयांश. आणि २००४ साली अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा, उपचाराच्या काळातच तंबाखू सोडायला मदत मिळालेल्या लोकांची दारू आणि इतर व्यसनं दीर्घकाळ सुटलेली राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त निघाली. दोन्ही एकत्र सोडल्याने माणूस मोडत नाही. उपचाराला जाल तेव्हा सिगरेटचीही मदत मागून घ्या.

मदत कुठे मिळते? तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन फुकट आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस १४४१६. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात जा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाला लोक बिचकतात, पण व्यसनाचा उपचार मनोविकारतज्ज्ञाचाच विषय आहे. राहून उपचार घ्यायचे असतील तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. कुठेही गेलात तरी पहिल्याच भेटीत दोन्ही सांगा: रोज किती पिता, आणि पिताना किती ओढता. दुसरा आकडा डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही सांगा.